काचेबाहेरचा बाक

मुरबाड,
रविवार रात्र

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. आधीच सांगून टाकते, आबा आहेत, जेवतात, मला ओरडतातही. वाईट बातमी असती तर फोनच केला असता. पण गंमत बघ, पोस्टात इतकी वर्षं नोकरी करून मी स्वतः कुणाला असं पत्र लिहिल्याचं आठवत नाही. आमच्या काउंटरला आता लोक येतात ते आधार कार्डाला मोबाईल जोडायला, नाहीतर आरडीचा हप्ता भरायला. काल मी स्वतःसाठी म्हणून तिकीट मागितलं, तर आमचे पोस्टमास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, मॅडम, कुणाला नोटीस पाठवताय का? म्हटलं, हो, भावाला.

नोटीस नाही रे ही. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतोस, आबा कसे आहेत. मी म्हणते, बरे आहेत. तू म्हणतोस, काही लागलं तर सांग. मी म्हणते, हो. मग मागून राहीवहिनी काहीतरी विचारते, तुझ्याकडे कुकरची शिट्टी होते आणि आपण ठेवून देतो. या वेळी खरंच लागलंय, आणि ते दोन शिट्ट्यांच्या मध्ये सांगता येण्यासारखं नाही. शिवाय मी दमलेय दादा. दमलं की मला फोनवर एकतर राग येतो नाहीतर रडू येतं, आणि दोन्हीतून काही निष्पन्न होत नाही. कागदावर निदान मधे थांबून पाणी पिता येतं.

पायाचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण मी नेहमी अर्धंच सांगितलं. खर्डी स्टेशनाच्या वळणावर त्या मोटारसायकलवाल्यानं आबांना उडवलं, नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, इथवर तू येऊन बघून गेलास. पुढचं असं की ती जखम वरून भरते आणि आतून पुन्हा फुटते. महिनाभर कोरडी राहते, मग एक दिवस धोतराला डाग दिसतो. ताप येतो, हुडहुडी भरते. गोळ्या बदलतात, इंजेक्शनं बदलतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा डाग. म्हशाच्या जत्रेतून मी त्यांना जाड घोंगडी आणली, तर ती त्यांनी बकरीच्या पिलावर घातली आणि स्वतः माझ्या लग्नातल्या सोलापुरी चादरीत कुडकुडत बसले. अशा माणसाला काय म्हणायचं, तूच सांग.

मुरबाडला आमच्याकडे या, असं मी आणि प्रज्वलनं किती वेळा म्हटलं. जावई असून प्रज्वल त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलाय. पण नाही. लेकीच्या दारात पाय पसरून बसनार नाय, हे त्यांचं एकच उत्तर. मग माझी सुट्टीच्या दिवशीची वारी ठरलेली. मुरबाडहून शहापूरची एसटी, तिथून रिक्षानं आसनगाव, तिथून गाडीनं खर्डी. ड्रेसिंग करायचं, धुणं धुवायचं, दोन दिवस पुरेल असं कालवण करून ठेवायचं आणि उलट्या वाटेनं परत यायचं. हल्ली एसटीत त्या घाटासारख्या वळणांवर पोटात ढवळतं. मागच्या खेपेला आबांनी हौसेनं सुकट भाजायला घेतली, तर मला उठून अंगणात जावं लागलं. त्यांना म्हटलं पित्त झालंय. त्यांनी लगेच आल्याचा तुकडा हातावर ठेवला.

शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हाडात जंतू आहेत हे नक्की, पण कुठे दडून बसलेत ते एक्स-रेत कळत नाही. रॉड काढून सगळं हाड खरवडायचं तर या वयात ते पुन्हा धरणार नाही. असंच ठेवलं तर एक दिवस विष रक्तात जाईल. मग उरतं एकच, गुडघ्याच्या वरून पाय काढणं. हे त्यांनी आबांच्या समोरच सांगितलं. मला वाटलं आबा काहीतरी तिखट बोलतील. पण ते आपल्या पायाकडे बघत म्हणाले, मंग बांधावरनं कसा जानार मी?

त्याच डॉक्टरांनी मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे एका नव्या तपासणीचा अभ्यास चालू आहे, त्यात आबांना घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. डोळ्याला दिसायचेच नाहीत इतके बारीक कण असतात, नॅनोकण म्हणतात त्यांना. त्यांना किरणं सोडणारं थोडंसं द्रव्य जोडतात आणि शिरेतून अंगात सोडतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला जातात ना, त्या हे कण गिळतात आणि जिथे लढाई चालू आहे तिथे जाऊन थांबतात. काही तास गेले की माणसाला कॅमेऱ्याखाली झोपवायचं. सगळ्या पायात तेवढीच जागा उजळलेली दिसते. ती सापडली की तेवढंच हाड उघडून साफ करायचं, आणि मग तसलेच पण जरा जोरकस कण नेमके त्याच जागी सोडायचे, म्हणजे उरलेली सूज आणि उरलेले जंतू तिथल्या तिथे मरतात. मरतील अशी आशा आहे, असं बाई म्हणाल्या. हे सगळं अजून नवं आहे, खात्री देता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मला त्या आवडल्या.

आणि आबा काय म्हणाले असतील? भातसानगरला धरणावर लागायच्या आधी ते एका लहान बंधाऱ्यावर होते, तुला आठवत असेल. म्हणाले, बाय, आमी बंधाऱ्यावर असंच करायचो. गळती गावली नाय की वरच्या पान्यात रंग सोडायचा नि खालच्या अंगाला बघत बसायचं, कुठं लाल येतंय ते. बाई मनापासून हसल्या. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं दादा. आबांना पटलंय म्हणजे आता अर्धं काम झालं, असं मी धरून चालले. घरी येताना गाडीत ते रघूला, म्हणजे आपल्या शेजारच्या ईकोवाल्याला, पांढऱ्या पेशींचं सगळं समजावून सांगत होते. त्यात त्यांनी पदरचं बरंच घातलं होतं.

मग तपासणीचा दिवस आला. रघूच्याच गाडीनं पहाटे निघालो. तो विभाग तळघरात आहे. जिन्याच्या पायथ्याशी पिवळी पाटी, तीन पात्यांचं ते चिन्ह, आणि खाली लिहिलेलं, गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी कर्मचाऱ्यांना सांगा. मी ती वाचली आणि पुढे गेले. आपला काय संबंध, असं वाटलं. आत माधुरी म्हणून एक मुलगी होती, बदलापूरची, फार गोड बोलणारी. तिनं आबांना इंजेक्शन दिलं, त्यांना कळलंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, बाबा, आता कॅमेऱ्याची वेळ होईपर्यंत तुम्ही या खोलीत वेगळं बसायचं. हा संडास फक्त तुमचा. बाहेर यायचं नाही, कुणाच्या जवळ जायचं नाही. तिनं ते सगळं हसून, हात जोडून सांगितलं. ती तरी काय करणार, किरणांचा नियमच आहे तो. कण अंगात असेपर्यंत माणसानं दुसऱ्यापासून थोडं लांब राहायचं, बाकी काही नाही.

मी बाहेरच्या दुकानात ड्रेसिंगचं सामान आणायला गेले. तेवढ्यात काय झालं ते मला माधुरीनंच नंतर सांगितलं, बिचारी रडकुंडीला आली होती. आबांनी पाणी मागितलं. तिथल्या वॉर्डबॉय मामांनी बाटली आणली, खोलीच्या दाराशी स्टूल होतं त्यावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकून उभे राहिले, बाबा, घ्या म्हणून. तोही नियमच. आबा बाटलीकडे बघत राहिले म्हणे. मग काठी घेतली, उठले आणि त्या पायानं जिना चढून गेले. कुणी अडवायला गेलं तर काठी उगारली.

मी परत आले तर खोली रिकामी. बाटली तशीच स्टुलावर. मला वाटलं संपलं सगळं. धावत बाहेर आले, तर इस्पितळाच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर, दोन्ही बाजूंना माणसं, मधे आपले आबा, हातात काचेचा ग्लास. निवांत. शेजारी एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसलेली. माझ्या डोक्यात काही उरलं नाही. मी रस्ता ओलांडता ओलांडता ओरडले, आबा, उठा, बाजूला व्हा, लोकांपासून लांब व्हा. सगळी टपरी वळून बघायला लागली. ती बाई बाळाला घेऊन झटकन उठली. आबांनी ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू पन गो?

तेवढंच. मग मी किती समजावलं, हात धरले, रागावले, रडले. ते परत खाली उतरले नाहीत. कॅमेऱ्याची वेळ टळली. ते कण रोज सकाळी ताजे बनवावे लागतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची किरणं विझून जातात, त्यामुळे सगळंच वाया. येताना गाडीत ते मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले आणि भिवंडी बायपासच्या पुढे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. लांब बसायला हवं होतं, मला माहीत होतं. पण मी सरकले नाही. सकाळी मी जे ओरडले होते त्यानंतर मला सरकता आलंच नसतं.

धोंडूआजीची ती गोष्ट तू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहेस, तरी लिहिते, कारण त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. आबा लहान असताना शेजारच्या गावात लग्नाला गेले होते आणि आपल्या माणसांची पंगत गोठ्यामागे बसवली होती. पानं वाढून झाल्यावर आजी आली, बघितलं, आणि अर्ध्या जेवणावरून आपल्या पोराला, आबांना, दंडाला धरून उठवलं. पोर उपाशी होतं, भात तोंडात होता. चालत घरी आणलं. वाटेत एकच सांगितलं, बाजूला बसायचं नाय, राजानं सांगितलं तरी नाय. तेव्हापासून आपल्या घरात कुणीच कधी बाजूला बसलं नाही. तुला कांजण्या आल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले पोराला वेगळं निजवा, आणि आबांनी तुला सगळ्यांच्या मधे निजवलं. मग काय, महिनाभर सगळं घर अंग खाजवत होतं, आबासुद्धा. आईनं कडुलिंबाचा पाला आणून आणून झाड बोडकं केलं. माझं पहिल्यांदा झालं तेव्हा धरणाच्या कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, पोरीला कोपऱ्यात बसवा. आबा ड्युटीवरून आले, त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पंगतीत सगळ्यांना माझ्या हातानं पाणी वाढायला लावलं. मला तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आता आठवलं की डोळे भरून येतात. दुसऱ्या कुणा म्हाताऱ्यानं कदाचित त्या खोलीत पेपर वाचत वेळ काढला असता. आपल्या म्हाताऱ्याला ते जमणारच नव्हतं, आणि हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं, माधुरीच्या नव्हे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मी त्यांना फोनवर धोंडूआजीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम मला बदलता येणार नाही, पण बाबांना पुन्हा घेऊन या, मी तारीख काढते. पाण्याची बाटली मी स्वतः आत नेऊन हातात देईन, तेवढ्यानं मला काही होत नाही. त्यांनी तारीख काढली. तोवर इकडे आबांना दोनदा ताप येऊन गेला. हाडाचे डॉक्टर म्हणतात, यानंतर मला थांबता येणार नाही. या वेळी जागा दिसली तर दिसली, नाहीतर पाय काढायचा.

मग मी आबांच्या मागे लागले. प्रज्वलनं सांगून बघितलं, रघूनं सांगितलं, विहारातल्या थोरल्या मंडळींनीही सांगून झालं. आबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि चहा करा गो म्हणायचे. एकदा मी चिडून म्हटलं, हे ते नाही आबा, हा आजार आहे. तर शांतपणे म्हणाले, मला ठाऊक हाय. डोक्याला ठाऊक हाय. बूड बसत नाय तिथं, त्याला काय करू?

मागच्या आठवड्यात आम्ही ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. भात कापून झालेल्या खाचरात यंदा वाल बरे आले आहेत, तुझ्यासाठी डाळ करून ठेवली आहे. त्या दिवशी मी तो विषय काढला नव्हता. आणि आबा आपणहून म्हणाले, त्या खोलीच्या दाराला काच व्हती. काचंच्या समोर बाकडं व्हतं. मी म्हटलं, असेल. तर म्हणाले, तू तिथं बसशील? मला दिसली पायजेस. आपलं मानूस समोर दिसलं म्हंजे मंग मी बाजूला बसलो असं नाय व्हनार. मंग मी बसतो. दादा, मी वालाची पाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. मी फोन करून विचारलंसुद्धा, बाक पिवळ्या रेषेच्या बाहेर आहे, नातेवाईक तिथे बसू शकतो. सगळं जुळलं होतं. खूप दिवसांनी त्या रात्री मी गाढ झोपले.

त्याच दुपारी सोलता सोलता त्यांनी आणखी एक विचारलं. इंद्या सुटी कवा घेतो गो? मी हातातली शेंग तशीच धरून राहिले. तुझं नाव त्यांनी किती काळानं घेतलं, मला मोजता येत नाही. आईच्या जाण्यानंतर तर नाहीच. मी म्हटलं, विचारू का? तर लगेच, नको, कामाचा मानूस हाय तो.

आता एक सांगते, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तुला वाटतं की तू गावची जागा विकायचा विषय काढलास म्हणून आबा फुगले आणि पुण्याला यायचे बंद झाले. जागेचं त्यांच्या लक्षातही नाही. आईनं मला ते शेवटच्या आजारपणात सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाली. नव्या फ्लॅटमध्ये तुझ्या ऑफिसातली माणसं जेवायला आली होती, आठवतंय? तू आबांना म्हणालास, तुम्ही दोघं आतल्या खोलीत बसा, ताटं आत आणून देतो. आणि एसी चालू होता म्हणून दार लावून घेतलंस. आबांनी ताट झाकून ठेवलं. आई जेवली, ते नाही जेवले. बाहेर तुम्ही हसत होता ते त्यांना ऐकू येत होतं. सकाळी शेताचं काम निघालं म्हणून पहिल्या एसटीनं परत आले. मी तुला दोष देत नाही दादा. खरंच देत नाही. कदाचित खुर्च्याच कमी असतील. कदाचित आबांना त्या लोकांत अवघडल्यासारखं होईल असं तुला वाटलं असेल. एसीचं दार कोण उघडं ठेवतं? माधुरीनंही चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण त्यांचं बूड तिथे बसलं नाही, एवढंच. आणि ज्या मुलाला भर कांजण्यांत मधे निजवलं त्याला ते हे बोलून दाखवणार नाहीत, मेले तरी नाहीत.

हे सगळं आज का लिहितेय, ते आता लिहिते. त्या बाकावर मी बसू शकत नाही. मला दिवस गेलेत, वाल सोलले त्याच्या दोन दिवसांनी कळलं. मागच्या दोन वेळचं तुला ठाऊक आहे, म्हणून मुरबाडच्या डॉक्टर आणि प्रज्वल यांच्याशिवाय हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, तू तिसरा. पित्त वगैरे काही नव्हतं. त्या दिवशी गाडीत आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं तेव्हा बाळ होतं की नव्हतं, याचा हिशोब करून करून माझं डोकं शिणलं. शेवटी मैत्रिणीसाठी विचारतेय असं सांगून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तेवढ्यानं काही होत नाही, मैत्रिणीला म्हणावं शांत झोप, पण यापुढे तिनं तळघरात पाऊल टाकायचं नाही, आणि पुढचे जोरकस कण दिल्यावर तर काही दिवस बाबांच्या जवळही यायचं नाही. मैत्रीण कोण ते त्यांना कळलं असावं. आबांना हे आत्ता सांगितलं तर काय होईल ते तुला माझ्याइतकंच कळतं. पोरीपासनं नि नातवापासनं लांब बसावं लागतंय तर पाय गेला तरी चालंल, असं म्हणून ते काठी आपटतील आणि विषय संपेल. म्हणून तू ये. एका दिवसासाठी नको, रजा टाकून ये. त्यांना घेऊन जा, आणि कण दिल्यावर खर्डीला त्यांच्याजवळ राहा, मी मुरबाडहून डबा पाठवीन. तारीख चौदाची आहे, गुरुवार. त्यांना आयत्या वेळी सांगू की पुनीला रजा नाही मिळाली, इंद्या आलाय. चिडतील, पण गाडीत बसतील, मला माहीत आहे. मग ते खोलीत जातील आणि माधुरी दार लावेल. पुण्याला दार लागलं तेव्हाही तू बाहेरच होतास दादा. या वेळीही बाहेरच असशील. फक्त त्या काचेसमोरून उठू नकोस, चहाला नको, फोनला नको. त्यांनी मान वर केली की तू दिसला पाहिजेस.

तुझीच,
पुनी